खालून जाते ती

नाडा वरून गेला होता आणि आई म्हणाली, "बरोबर." झालं ते एवढंच. रविवार होता, सकाळचे अकरा. आमच्या थाटीपुरच्या घरात जेवणाच्या टेबलावर उन्हाचा पट्टा आला होता आणि मी परातीत एका बाईचं ओटीपोट मांडलं होतं. मधोमध एक लहान वांगं, देठ खाली, म्हणजे गर्भाशय. दोन बाजूंना दोन बदाम, म्हणजे बीजांडकोश. पुस्तकात खरंच बदामासारखे असं लिहिलंय, मी मनाचं काही केलं नाही. लाल लोकर म्हणजे गर्भाशयाला रक्त नेणारी धमनी. आणि परकराचा पांढरा नाडा म्हणजे मूत्रवाहिनी, वरच्या मूत्रपिंडातून खाली मूत्राशयात उतरणारी बारीक नळी. या नळीचा सगळा खेळ एकाच जागी आहे. देठापासून दोन सेंटिमीटरवर ती त्या धमनीच्या खालून जाते. खालून! गर्भाची पिशवी काढायची तर धमनी बांधायची, कापायची, आणि तिच्या अंगाखालून निघालेल्या या नळीला मात्र धक्का लागता कामा नये. आईनं हे वीस वर्षांत किती वेळा केलं असेल? हजार वेळा? मी घाईघाईत नाडा लोकरीच्या वरून टाकला, आई चष्मा कपाळावर चढवून, चहाचा कप हातात धरून वाकली, नीट दोन्ही बाजू बघितल्या, आणि म्हणाली, बरोबर.

मग मी पुस्तकाचं पान पडताळायला उघडलं, चित्र दोनदा बघितलं. "आई," मी म्हटलं, "खालून आहे." "काय खालून?" "ही. मी वरून घातलीय. आणि तू बरोबर म्हणालीस." आईनं कप खाली ठेवला. चष्मा डोळ्यांवर घेतला. परातीकडे बघत राहिली. खाली आईच्या नर्सिंग होममध्ये कुणाचं तरी बाळ रडत होतं, तिथलं सगळं बघणाऱ्या सुलोचनाबाई कुणाला तरी ओरडत होत्या, "अरे भैया, चप्पल बाहर!" आणि मी वांग्याच्या देठाचे काटे मोजत होते. "मला माहीत आहे गं खालून जाते ते," आई शेवटी म्हणाली. "झोपेत विचारलंस तरी सांगेन. पण मला दिसलं नाही. मी बघितलं आणि मला दिसलं नाही." आणि खरं सांगायचं तर (हे मी कुणाला सांगितलेलं नाही) त्या क्षणी मला भीती वाटली, पण भीतीच्या मागोमाग, तिला ढकलत, दुसरंच काहीतरी आलं, कानामागे गरम होत होत आलं. आनंदासारखं. म्हणजे आईलाही दिसत नाही! म्हणजे ही गोष्ट अजून संपलेली नाही, शिकून कपाटात ठेवलेली नाही, आत्ता या टेबलावर चालू आहे, आणि मी तिच्यात आहे. मग लगेच लाज वाटली. कारण आईचा हात टेबलावर पालथा पडला होता आणि तो हात मी नोव्हेंबरपासून असाच बघतेय.

नोव्हेंबरात एका बाईची पिशवी काढताना आईचा चिमटा त्या नळीवर बसला. बसला आणि तिच्या लगेच लक्षात आलं, तिनं काढला, शहरातल्या मोठ्या सर्जनना बोलावून घेतलं, त्यांनी नळीत बारीक सळई घातली, सहा आठवड्यांनी काढली. बाई ठणठणीत आहे, संक्रांतीला तिळाचे लाडू घेऊन आली होती. कुणी आईला एक शब्द बोललं नाही. पण त्या दिवसापासून आईनं पिशवीचं ऑपरेशन केलं नाही. बाळंतपणं करते, सिझेरियन करते, पिशवी काढायची म्हटलं की चिठ्ठी लिहून देते, दिल्लीला जा. जेवताना बाबांनी एकदा म्हटलं, "अगं, होतं एखाद्या वेळी," तर ती म्हणाली, "हो, होतं," आणि वाटीतलं वरण ढवळत राहिली. लहानपणी मला वाटायचं, आई रोज कुणाची तरी ओटी भरायला जाते, कारण फोन केला की सुलोचनाबाई सांगायच्या, "ताई ओटीत आहेत." मला डोळ्यांपुढे दिसायचं: आई हिरव्या टोपीत, हिरव्या मास्कमध्ये, एकामागून एक बायकांच्या पदरात नारळ आणि तांदूळ टाकतेय, आणि बायका खूश होऊन घरी जातायत. शाळेत पहिलीत मी हे सगळ्यांना हिंदीत समजावूनही सांगितलं होतं आणि कुणाला काही कळलं नव्हतं. ऑपरेशन थिएटर हा शब्द कळला तेव्हा मी दोन दिवस रुसले होते. मला वाटतं, अजूनही थोडी तीच आई माझ्या डोक्यात होती. देणारी. चुकण्याचा प्रश्नच नाही अशी. परातीवर वाकून "बरोबर" म्हणणारी बाई माझ्या ओळखीची नव्हती, आणि मला तिच्याशी ओळख करून घ्यायची भयंकर घाई झाली होती.

तसं तिनं जानेवारीतच नाव घातलं होतं. दोन दिवसांचं प्रशिक्षण, प्रॅक्टिस करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी, शरीररचनेचं. देहदान केलेल्या शरीरावर पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. मला ती कल्पनाच इतकी भारी वाटली! एकोणपन्नास वर्षांच्या बायका, ज्यांच्या दारावर पाट्या आहेत, ज्यांना बघून लोक उभे राहतात, त्या परत जाऊन विचारणार, हे काय आहे, ते कुठून जातं. मी स्वतः नववीपर्यंत वर्गात हात वर केला नव्हता. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि माझ्या तोंडात दोन्हींचा काला. एकदा मी मॅडमना "मला चक्कर येऊन राहिली है" म्हटलं आणि ते वर्षभर माझं नाव झालं. आता अकरावीत मी प्रत्येक तासाला हात वर करते, जीवशास्त्राच्या सरांनी तर परवा म्हटलं, "गरिमा, बेटा, हाथ को थोड़ा आराम दो." कसं झालं माहीत नाही. एक दिवस सकाळी उठले तर भीती नव्हती, दात पडल्यावर लावतो तशी जीभ लावून बघितलं तर तिथे जागाच रिकामी. म्हणून आईनं डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाचं जाडजूड पुस्तक आणलं आणि त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, पेशंटांना दिसू नये म्हणून, तेव्हा मला राग आला होता. आणि मी म्हटलं होतं, मी घेते तुझी परीक्षा. रोज. अशी ती परात आली टेबलावर.

त्या रविवारी संध्याकाळी आईनं मला शामलामावशीकडे पाठवलं, तिच्या तपासण्यांची फाइल द्यायला. शामलामावशीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, फॉल-पिको आणि शिलाई. माझे सगळे युनिफॉर्म तिनं शिवलेत. तिच्या पिशवीत गाठ आहे, नारळाएवढी, दोन वर्षं रक्त जातंय, ओठ पांढरे पडलेत, मशीनवर बसता बसता तिला झोप लागते. आधीची दोन सिझेरियन, तीही आईनंच केलेली. आणि ती दिल्लीला जायला तयार नाही. विश्वासराव काका, तिचे मिस्टर, तिकिटं काढून आणतात आणि ती परत करायला लावते. मी फाइल दिली तर म्हणाली, "ठेव तिकडे. मला हात लावायचा तर तुझ्या आईनं, शालिनीताईंनी. दुसऱ्या कुणाला मी पोट दाखवणार नाही." आणि मी, मूर्ख मी, मला ते पोटात मावेनाच, मी सांगून टाकलं. आईचं प्रशिक्षण, परात, वांगं, लोकर, नाडा, वरून, बरोबर. सगळं, हातवारे करून. बोलत असताना मला मजा येत होती, हे सगळ्यात वाईट. बोलून संपलं तेव्हा मशीन थांबलेली होती.

मावशीच्या मांडीवर कुणाचा तरी परकर होता, त्याचा नाडा एका बाजूनं नेफ्यात आत गेला होता. ती माझ्याकडे न बघताच नेफा चाचपायला लागली. मला पळून जावंसं वाटत होतं. तिची बोटं कापडावरून सरकत होती, अंगठा वर, दोन बोटं खाली, हळू, आणि ती दुसरीकडेच बघत होती, दाराबाहेर, जिथे टमटमवाला कुणाशी तरी भांडत होता. "मावशी, आत कुठे गेला ते दिसतं तुला?" मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून. "दिसायचं काय त्यात? झाकलेलाच असतो तो. डोळ्यांनी शोधत बसलीस तर रात्र होईल. चिमटीत कापड घे आणि सरकव. कापड कापडासारखं लागतं, शिवण शिवणीसारखी लागते, आणि नाडा..." ती थांबली. "हा बघ. निसटतो. बोटाखालून निसटला की समजायचं, हाच." तिनं माझा हात ओढून नेफ्यावर ठेवला. आणि निसटला! गोल, गुळगुळीत, कापडाच्या आत, माझ्या बोटांखालून टुणकन निसटला! मी ओरडलेच. कारण पुस्तकात, त्या वर्तमानपत्राच्या कव्हरमध्ये, दोनशे कितव्या तरी पानावर, आईनं पेन्सिलीनं खूण केली होती: ती पातळ पडद्यामागे असते, बोटांत धरून सरकवली तर निसटते, त्यावरून ओळखावी. मला ते वाक्य पाठ होतं आणि कळलेलं नव्हतं. "मावशी, हा परकर दे ना मला. एका दिवसासाठी. प्लीज." "घेऊन जा," ती म्हणाली. मग मी पायरी उतरल्यावर, मागून, अगदी साध्या आवाजात: "गरिमा, ताई शिकायला जातायत ना पण?"

घरी मी दारातून ओरडत गेले. आईला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर ओढणी बांधली, नाडा नेफ्यात आत ढकलला आणि परकर तिच्या हातात दिला. "काय वेडेपणा आहे," ती म्हणाली. "शोध." "गरिमा, मी दमलेय." "शोध तर!" तिची बोटं आधी ऑपरेशनची बोटं झाली, कडक. मग हळूहळू सैल झाली. कापड. कापड. शिवण. ती थांबली, मागे गेली, पुन्हा आली, आणि मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, ओढणीच्या खाली, ओठांच्या कोपऱ्यात, नाडा निसटला ते. ती हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा दात दिसले तिचे. मग आम्ही घरातले सगळे परकर काढले, आजीचे ट्रंकेतलेसुद्धा, आणि सुलोचनाबाई चहा घेऊन वर आल्या तर पलंगावर परकरांचा ढीग आणि डॉक्टर डोळे बांधून बसलेल्या. "ताई," त्या म्हणाल्या, "धोबी को बुलाऊँ कि डॉक्टर को?" मी हसून हसून पलंगावरून खाली पडले. पण मावशीला सांगून आले, हे मी आईला सांगितलं नाही. जिभेवर आलं आणि गिळलं. आठवडाभर ते माझ्या घशाशी बसून होतं, तीळ-गुळाच्या गजकाचा तुकडा अडकावा तसं. मी वर्गात हात वर करायची आणि मध्येच विसरायची काय विचारायचं होतं.

शनिवार-रविवार मी आईला प्रशिक्षणाला स्कूटीवरून सोडलं आणि आणलं. जाताना ती माझ्या मागे अंग चोरून बसली होती, डबा मांडीवर, शाळेच्या पहिल्या दिवसासारखी. शनिवारी येताना काही बोलली नाही, केसांना औषधाचा उग्र वास येत होता. रविवारी येताना बोलायला लागली ती थांबेचना! गाडीवर, माझ्या कानात, हॉर्नच्या मधून, सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघेपर्यंत. टेबलावर एक म्हातारी बाई होती. सुरू करायच्या आधी सगळ्यांनी हात जोडले. तिच्या मनगटावर तुळशीचं गोंदण होतं, आणि आईला ते बघून उगीच वाटलं, हिला विचारावं, बाई, चालेल ना? शिकवणाऱ्या डॉक्टर पस्तिशीच्या, आईपेक्षा किती लहान. त्यांनी पोटातला पातळ पडदा उघडून दाखवलं, सगळ्यांनी माना हलवल्या. "मी पण हलवली," आई म्हणाली. "आणि मग मला तुझं वांगं आठवलं. मी परत मान हलवतेय. मला दिसलेलं नाही. मी हात वर केला, गरिमा. पंचवीस जणी होत्या, त्यातल्या निम्म्या मला ओळखतात. मी म्हटलं, डॉक्टर, मला दिसलं नाही, पुन्हा दाखवा. आणि तुला सांगू, माझ्या मागून चार आवाज आले: हाँ मैडम, हमें भी." मी स्कूटी बाजूला घेतली. मला चालवताच येईना. "मग?" "मग त्यांनी मला पुढे बोलावलं. म्हणाल्या, तुम्ही शोधा. त्या बाईचं आधी कधीतरी ऑपरेशन झालं होतं, सगळं आत चिकटलेलं, पुस्तकातलं काहीच पुस्तकासारखं नाही. मी डोळे मिटले." रस्त्याच्या कडेला, मुरारकडे जाणाऱ्या बसेस अंगावर धूळ उडवत जात होत्या, दूर किल्ल्याची लांबच लांब भिंत उन्हात पिवळी झाली होती, आणि माझी आई हवेत हात धरून दाखवत होती, अंगठा वर, दोन बोटं खाली. "वीस वर्षं मी तिला चुकवत आले. तिच्यापासून लांब राहायचं, एवढंच करत आले. ती कुठे आहे हे कधी शोधलंच नाही. तिथे पहिल्यांदा हातात धरली. वरपासून खालपर्यंत गेले तिच्याबरोबर, धमनीखाली शिरते तिथपर्यंत." मला वाटलं आत्ता सांगावं. घशातला तुकडा वर आला. पण ती इतकी उजळली होती, मी पुन्हा गिळला.

सोमवारी शामलामावशी स्वतः आली. विश्वासराव काका मागे, हातात दिल्लीची तिकिटं, या वेळी परत न करण्याची शपथ घेतल्यासारखे. मी ओपीडीच्या पडद्यामागे पुस्तकं घेऊन बसले होते, परीक्षेआधीची सुट्टी लागली होती. मावशी खुर्चीत बसली, श्वास लागला होता तो जाऊ दिला, आणि म्हणाली, "शालिनीताई, एक विचारू? ती नळी. वरून जाते का खालून?"

आईनं मावशीकडे बघितलं, मग मान वळवून पडद्याकडे, बरोबर माझ्याकडे, जणू पडदा नव्हताच. मी पुस्तक नाकापर्यंत वर घेतलं. काका म्हणाले, "अगं, डॉक्टरांना काय विचारतेस असलं!" "विचारू दे," आई म्हणाली. "खालून जाते, शामला. आणि आठ दिवसांपूर्वी मला ते समोर असून दिसलं नव्हतं. तुला कळलंय ते खरं आहे. नोव्हेंबरात माझ्या हातून एका बाईच्या नळीला चिमटा लागला होता, तेही खरं आहे." मावशी खुर्चीत पुढे सरकली. "तुझी दोन सिझेरियन झालीत. आत चिकटलेलं असणार. ती जिथे असायला हवी तिथे नसेलही. म्हणून मी आधी तिला शोधणार, दोन्ही बाजूंना, आणि सापडल्याशिवाय काही कापणार नाही. सर्जन बाजूला उभे असतील. नाहीच सापडली तर पोट बंद करीन आणि मीच तुला दिल्लीला घेऊन जाईन, तुझ्याबरोबर गाडीत बसून. आता बोल." पंखा बंद होता, थंडीच होती, तरी काकांनी तिकिटांनी वारा घेतला. मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "बाकीच्या डॉक्टर म्हणतात, काही काळजी करू नका," ती म्हणाली. "मला तेव्हाच काळजी वाटते. गुरुवारी येऊ का?" ते दोघं गेल्यावर आई पडद्यामागे आली. मी म्हटलं, "सॉरी." ती म्हणाली, "तुझ्या तोंडाला नेफा शिवला पाहिजे," आणि माझ्या डोक्यावर टपली मारली, जोरात, लागेल अशी.

गुरुवारी नऊ वाजता मावशीला आत नेलं. खालच्या पॅसेजमध्ये बाक आहे, त्यावर मी आणि विश्वासराव काका. आईचं हे ऑपरेशन सव्वा तासाचं. सगळ्या स्टाफला पाठ आहे, सव्वा तासानं सुलोचनाबाई चहाची ऑर्डर देतात. सव्वादहा झाले. चहा नाही. साडेदहा. काका उठले, बसले, देवाचं नाव घ्यायला लागले आणि मध्येच मला विचारायला लागले, "बेटा, इतना टाइम? कुछ हुआ क्या?" पाऊण तास आणखी. आया दारातून बाहेर आली, कापसाचा गठ्ठा घेऊन परत आत गेली, कुणाशीही नजर न भिडवता. काकांनी माझा हात धरला. आणि मला काय होत होतं ते मी कसं सांगू? माझे पाय बाकाखाली हलत होते, मला जागेवर बसवत नव्हतं, जसजसा काटा पुढे जात होता तसतसं माझ्या आत काहीतरी वर वर चढत होतं. कारण मला माहीत होतं उशीर कशाचा आहे. सव्वा तास म्हणजे सवय. सव्वा तासापलीकडचं प्रत्येक मिनिट म्हणजे आई तिथे थांबली आहे, कापत नाहीये, घाई करत नाहीये, एका बाईच्या आत, अंधारात, बोटांनी वाट बघतेय. भीतीसुद्धा होती, नाही कशाला म्हणू, काकांच्या हातातून माझ्या हातात येत होती. पण मी म्हटलं, "काका, वेळ लागू दे. वेळ लागतोय हे चांगलं आहे." त्यांनी माझ्याकडे वेड्या मुलीकडे बघतात तसं बघितलं.

अकरा चाळीसला दार उघडलं. आईची टोपी घामानं काळी पडली होती, मास्कचा वळ गालावर उठला होता. काका उभे राहिले. "छान आहे ती," आई म्हणाली. "शुद्धीवर येतेय. डावीकडची लगेच मिळाली. उजवीकडची मिळेना, पाऊण तास मिळेना, आतड्याला जाऊन चिकटली होती. आमचे सर्जन म्हणाले, मॅडम, आता पुढे जाऊया. मी म्हटलं, अजून मला ती दिसलेली नाही." ती भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. "मग दिसली."